पोलादाला लोखंड म्हणणाऱ्या सुना

राबिगा सकाळपासून चौथ्यांदा थंड कोठीत डोकावून आली. आढ्याला टांगलेलं मांस काही पाय फुटून पळून जाणार नव्हतं, पण तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. डिसेंबरात घोडा कापला त्याच दिवशी तिने वाटे लावून ठेवले होते. मांडी थोरल्या नणंदेची, फासळ्या विहिणीच्या आणि छातीचा चरबीदार तुकडा सुनेचा. साराओबा गावात ज्याचा वाटा त्याच्यासाठीच राखतात. तो माणूस घरी येईपर्यंत त्याला कुणी सुरी लावत नाही.

सून तीन हिवाळे आली नव्हती. तिन्ही वर्षं राबिगाने तो तुकडा एप्रिलपर्यंत टांगून ठेवला, आणि बर्फ वितळायला लागलं की मुकाट्याने शिजवून शेजारपाजारी वाढून टाकला. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सुनेला तर नाहीच नाही. बाई हट्टी होती, आणि हट्टी माणसं आपल्या मायेची बातमी बाहेर जाऊ देत नाहीत.

आज मात्र सून येत होती. मुलगा दाउरेन, सून शिनार आणि सहा वर्षांची नात इंजू सकाळी सातलाच कारागांदा शहरातून गाडीने निघाले होते. सगळं नीट झालं तर दुपारच्या चहाला पोचणार होते.

या घरातलं भांडण एका नावावरून झालं होतं, आणि तेही वीस वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाच्या. सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, त्याऐवजी जवळपासचा दुसरा शब्द वापरायचा, अशी इथली रीत. राबिगाच्या सासऱ्यांचं नाव होतं बोलात, म्हणजे पोलाद. म्हणून लग्न झाल्या दिवसापासून, आज शेहेचाळीस वर्षं, ती पोलादाला तेमिर म्हणायची. तेमिर म्हणजे लोखंड. दुकानात पोलादी पातेलं हवं असलं तर ती म्हणायची, "लोखंडाचं द्या, पण ते चकचकीत असतं ना, तसलं." दुकानदार हसायचा आणि बरोबर पातेलं काढून द्यायचा. दीर लहान असला तरी त्याचंही नाव नाही, त्याला लाडाचं दुसरं नाव ठेवायचं. चुलतदीर काब्दोल तिच्या लग्नात चार वर्षांचा होता, म्हणून तिने त्याला ठेंगू नाव ठेवलं. आता तो दारातून वाकून आत येतो, पन्नाशी गाठली, स्वतःचा ट्रॅक्टर आहे, तरी ठेंगू तो ठेंगूच.

शिनार अल्माटीची, दातांची डॉक्टर. लग्नाच्या चौथ्या दिवशी भरल्या घरात भिंतीवरच्या फोटोकडे बघत ती मोकळेपणाने म्हणाली होती, "अय्या, हेच का बोलात आजोबा? दाउरेनचं नाक अगदी यांच्यावर गेलंय!" बसलेल्या सगळ्या बायकांनी शरमेने आपापले गाल चिमटीत धरले. मोठ्या जाऊबाई बातिमा यांच्या हातून चहाची वाटी पडली. आणि राबिगा म्हणाली, "मुली, तुमच्या अल्माटीत तोंडाला दारं बसवत नाहीत का?"

सगळे हसले. शिनार हसली नाही. पुढे ती येत राहिली, पण दर वेळी जीभ कुठेतरी घसरायचीच. चार हिवाळ्यांपूर्वी तिने पुन्हा ते नाव घेतलं तेव्हा राबिगा पाहुण्यांसमोर म्हणाली, "राहू दे गं, तुझ्याच्याने नाही व्हायचं." बास. त्यानंतर दाउरेन एकटाच यायला लागला. फोनवर सून विचारायची, "आई, तब्येत बरी?" सासू म्हणायची, "बरी." तेवढंच. शेवटी इंजू फोन ओढून घ्यायची, आणि मग राबिगाला बोलायला तोंड फुटायचं.

गेल्या रविवारी इंजूनेच सांगितलं होतं, "आजी, आम्ही येणार! आणि आजी, आमच्याकडे एक खेळ चाललाय. आईने नाव चुकीचं घेतलं की मी तिच्या कपाळावर टिचकी मारते. काल तिला सात बसल्या!"

"बरं बरं. फार जोरात मारू नकोस हं," राबिगा म्हणाली होती. पोरांचा काहीतरी खेळ असेल, इतकंच तिच्या मनात आलं.

दहाच्या सुमारास वारा फिरला. अकराला कुंपण दिसेनासं झालं. साडेअकराला खिडकीबाहेर नुसतं पांढरं घोंगावत होतं. बुरान, म्हणजे हिमवादळ! बातिमाजाऊ सकाळी वड्या तळायला मदत करायला म्हणून आल्या होत्या, त्या इथेच अडकल्या.

"माझ्या मेलीच्या नशिबात आज तुझंच तोंड बघणं आहे," बातिमा म्हणाल्या.

"बघा की मग. तेवढीच कढईकडेही नजर ठेवा, वड्या करपताहेत."

एक वाजता फोन वाजला. शिनारचा आवाज होता, पण वाऱ्यामागून आल्यासारखा तुटक.

"आई, आम्ही अडकलोय. गाडी बर्फात रुतली. दाउरेन बाहेर फावड्याने धुराची नळी मोकळी करतोय, त्याचा फोन बंद पडलाय. पेट्रोल पाव टाकीसुद्धा नाही."

"कुठे आहात? अगं, कुठे?"

"आम्ही…" शिनार थांबली. "तेमिरच्या वस्तीपाशी. पडकी भिंत दिसतेय. आई, इंजू…"

फोन तुटला. राबिगाने परत लावला, सहा वेळा लावला. पलीकडून एक बाई शांतपणे सांगत राहिली की संपर्क होऊ शकत नाही. संकटाच्या नंबरावर लावला तर तिथला माणूस म्हणाला, मोठा रस्ता बंद केलाय, वारा पडल्याशिवाय गाडी सोडता येणार नाही. तो खोटं बोलत नव्हता. बाहेर हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती.

राबिगाने काब्दोलला फोन लावला. "ठेंगूभावजी, तुमचा ट्रॅक्टर चालू आहे का?"

"वहिनी, चालू असला तरी अशा वेळी ट्रॅक्टर आणि मी दोघंही घरात बसतो."

"दाउरेन अडकलाय. बायको-पोरीसकट. तेमिरच्या वस्तीपाशी."

 पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "निघालो," काब्दोल म्हणाला.

मोठ्या रस्त्यावरून साराओबाला यायला दोन वाटा आहेत. एक टेकडीवरून, एक तळ्याच्या काठाने. टेकडीच्या वाटेवर तेमिर नावाच्या मेंढपाळाची जुनी हिवाळी वस्ती आहे, आता नुसत्या भिंती. दाउरेन नेहमी त्याच वाटेने यायचा. त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. शिवाय नावं फिरवून सांगायची तर ही सून नव्हे. ती नाव असेल तसं तोंडावर फेकते, आणि आज एकदा तरी त्याचा उपयोग झाला, असंही राबिगाच्या मनात येऊन गेलं.

पावणेतीनला काब्दोलचा फोन आला. टेकडीवर तेवढा एक फोन लागतो, हीच काय ती देवाची कृपा.

"वहिनी, तेमिरच्या वस्तीला आलोय. इथे कुणी नाही."

"नीट बघा! बर्फाखाली असतील!"

"चारी बाजूंनी फिरलो. दोरी कमरेला बांधून भिंतीच्या आत जाऊन आलो. गाडी नाही, चाकोरी नाही, काही नाही. मोठ्या रस्त्याच्या दिशेने पुढे जाऊन बघतो. पाच मिनिटांनी परत लावतो."

राबिगा फोन हातात धरून उभीच राहिली. दोन तास होत आले होते. पाव टाकी पेट्रोल, आणि इंजू! इंजूचे हात नेहमी गार असायचे, मोजे घालायला कटकट करायची.  बातिमाजाऊंनी उठून तिला बळेच बाकावर बसवलं.

"काय म्हणाली होती पोरगी? शब्द न् शब्द सांग."

"म्हणाली, आम्ही…" आणि राबिगा तिथेच थांबली.

शिनारही तिथेच थांबली होती. 'आम्ही' म्हणून थांबली आणि मग 'तेमिर' म्हणाली. ते थांबणं राबिगाला नवं नव्हतं. शेहेचाळीस वर्षं ती स्वतः दिवसातून दहा वेळा तशीच थांबत आली होती. खरं नाव ओठावर येतं, ते गिळायचं, दुसरं शोधायचं आणि मग पुढे बोलायचं. ज्याला नाव सरळ घ्यायचंय तो कशाला थांबेल?

आईने नाव चुकीचं घेतलं की मी टिचकी मारते. काल तिला सात बसल्या.

"अगं बाई!" राबिगा ताडकन उठली. "जाऊबाई, तिने नाव फिरवलं! ती शिकून आलीय! रीत पाळतेय ती!"

"कोण?"

"माझी सून! ती तेमिर म्हणाली ते तेमिर नव्हे. ते आपलं लोखंड! आपले मामंजी!"

बातिमांनी फोटोकडे बघितलं आणि गाल धरला. तळ्याच्या वाटेवर सासऱ्यांची जुनी वस्ती होती, गावातले सगळे तिला बोलातची वस्ती म्हणायचे. या दोघींखेरीज सगळे. टेकडीची वाट बर्फाने बुजली असणार, म्हणून दाउरेन तळ्याकडून वळला असणार. आणि ती पोर, थंडीने दात वाजत असताना, मांडीवर लेक घेऊन, सासूला वाईट वाटू नये म्हणून शब्द निवडत बसली होती. राबिगाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

फोन वाजला.

"वहिनी, पुढेही काही नाही. माझा फोन आता मरायला टेकलाय. काय करू?"

"ते तिथे नाहीत! तळ्याकडे आहेत! तळ्याच्या वाटेवर!"

"काय? तळं? वहिनी, तळ्याकाठी तीन वस्त्या आहेत, तीन टोकांना! कुणाच्या वस्तीवर?"

"मोठ्या घरच्या!"

"कुणाच्या? वारा फार आहे! नाव सांगा!"

"आपल्या मामंजींच्या! लोखंडाच्या!"

"तेमिर? तेवढंच ऐकू आलं! अहो, तिथेच तर उभा आहे मी! वहिनी, नाव!"

राबिगाने मान वर केली. भिंतीवर सासरे बसले होते, कोल्ह्याच्या कातड्याची टोपी घालून. या माणसाने तिला एकदाही उंच आवाजात हाक मारली नव्हती. पहिल्या बाळंतपणात बर्फातून स्लेज हाकत तिला दवाखान्यात नेलं होतं. त्या माणसाचं नाव तिने त्यांच्या मरणाच्या दिवशी रडतानासुद्धा घेतलं नव्हतं. तिची जीभ टाळ्याला चिकटली. खरंच चिकटली, शब्द बाहेर येईना. गाल धरून उभ्या असलेल्या बातिमांच्या तोंडूनही येईना. घरात दोन म्हाताऱ्या सुना आणि एक नाव, आणि ते घ्यायला एक माणूस नाही.

"वहिनी! बंद पडतोय!"

"बोलात!" राबिगा ओरडली. "बोलातची वस्ती! ऐकलंस का? बोलात!"

 मग काब्दोलचा आवाज आला, एकदम लहान पोरासारखा. "वहिनी, तुम्ही नाव घेतलंत?"

"घेतलं! आता जातोस का तिकडे, गाढवा!"

"ओढ्याच्या पात्रातून उतरतो," काब्दोल म्हणाला, आणि फोन मेला.

राबिगा बाकावर बसली.  थोड्या वेळाने ती फोटोकडे बघून म्हणाली, "रागावू नका. नाव तुमचं आहे, पण पोरंही तुमचीच आहेत." बातिमांनी फोटोकडे पाठ फिरवून नाक पुसलं.

मग राबिगा कोठीत गेली आणि आढ्यावरून तो छातीचा तुकडा काढून आणला. मोठ्या पातेल्यात पाणी चढवलं.

"अगं, हे काय करतेस?" बातिमा म्हणाल्या. "वाटा आहे तो तिचा. माणूस घरी आल्याशिवाय सुरी लावत नाहीत."

"शिजायला तीन तास लागतात. ती थंडीतून येणार, तेव्हा काय चूल पेटवत बसू?"

"आज तू सगळ्याच रीती मोडायला निघालीस."

"निघाले. कोळसा सारा जरा इकडे."

बातिमांनी कोळसा सारला. मग आपणहून कणीक मळायला घेतली.  चार वाजले, पाच वाजले, खिडकी काळी झाली. राबिगा दर दहा मिनिटांनी दार उघडायची, बर्फाचा लोट आत यायचा, बातिमा शिव्या घालायच्या आणि राबिगा दार लावायची. सहाला तिने अंगणातल्या दिव्याखेरीज गोठ्यातलाही दिवा लावला. साडेसहाला तिचं धैर्य संपलं आणि ती पातेल्यापाशी उभी राहून रडली. बातिमांनी तिला रडू दिलं, पाठीवर हात ठेवला आणि मिठाचं पाणी पडून रस्सा खारट होईल म्हणून तिला बाजूला ढकललं.

सव्वासातला भोंगा ऐकू आला. एक लांब, मग दोन आखूड. काब्दोल लग्नातही असाच भोंगा वाजवतो.

राबिगा पायात जे सापडलं ते घालून बाहेर धावली. ट्रॅक्टरच्या केबिनमधून आधी काब्दोल उतरला, त्याच्या कोटात गुंडाळलेलं एक बोचकं घेऊन. बोचक्यातून इंजूचं नाक दिसत होतं. मागून दाउरेन, भुवया पांढऱ्या, हातांच्या बोटांना फडकी बांधलेली. आणि शेवटी शिनार, ओठ निळे, पाय ओढत. राबिगाने तिला काखेत हात घालून जवळजवळ उचललंच. इतकी हलकी पोर, तिला वाटलं, आणि आपण हिच्यावर इतकी वर्षं किती ओझं टाकलं.

घरात चुलीजवळ त्यांना बसवलं. बूट काढले, पाय चोळले, दुधाचा गरम चहा पाजला. पाय गुलाबी झाले, बोटं हलली, सगळ्यांचे श्वास खाली बसले. दाउरेन सांगत होता की पेट्रोल चारलाच संपलं. पण त्याआधी त्याने गाडी मागे घेऊन आजोबांच्या भिंतीला चिकटवली होती. "भिंतीने वारा अडवला, नाहीतर काही खरं नव्हतं. मजबूत बांधलीय म्हाताऱ्याने."

"मी पोचलो तर तिघं एका गोधडीत, आणि ही बया पोरीला नावांचा खेळ शिकवतेय!" काब्दोल म्हणाला. "म्हटलं, नावं पुरे झाली, चला आता."

शिनारने वाटी खाली ठेवली. "आई, माझं चुकलं. मला वाटलं, तुम्हाला कळेल. दाउरेनला विचारून विचारून मी सगळी नावं पाठ केली होती. या वेळी एकही चूक करायची नाही, असं ठरवलं होतं. आणि नेमकी तिथेच…"

"तू चुकली नाहीस," राबिगा म्हणाली. "मी चुकले. तू रीत पाळशील असं मला वाटलंच नाही. इतक्या वर्षांत एकदा तरी वाटायला हवं होतं."

तिने पातेल्यातून छातीचा तुकडा काढला, ताटात ठेवला आणि ते ताट शिनारच्या पुढ्यात सरकवलं. शिनारने ताटाकडे बघितलं. हा तुकडा कुणाचा असतो, हेही ती शिकून आली होती.

"तीन हिवाळे राखून ठेवला होता," राबिगा म्हणाली. "दर वर्षी. आता खा. आणि रस्त्यावर असशील, पोर मांडीवर असेल, तेव्हा नाव घेत जा. सरळ, मोठ्याने. मामंजींशी मी बोलले आहे, त्यांचं काही म्हणणं नाही."

शिनारने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तशीच मान हलवत राहिली. दाउरेन खिडकीकडे बघू लागला. काब्दोल म्हणाला, "पण वहिनी काय ओरडल्या आज! टेकडीवर मला वाटलं, म्हातारे स्वतःच उठून आले."

"कोण ओरडलं? काय?" इंजू कोटातून बाहेर आली.

"तुझी आजी," बातिमा म्हणाल्या. त्यांना इतका वेळ हे पोटात ठेवणं जड जात होतं. "तुझ्या पणजोबांचं नाव घेतलं तिने. भर दुपारी, फोटोसमोर."

इंजूचे डोळे मोठे झाले. तिने आईकडे बघितलं, मग आजीकडे. खेळाचा नियम सगळ्यांना सारखा की फक्त आईला, हे तिला ठरवायचं होतं.

"आजी," ती जरा भीत म्हणाली, "मग तुला टिचकी."

कुणी हसलं नाही. शिनारने घाईने तिचा हात धरला. राबिगा मात्र गुडघ्यांवर हात टेकत नातीसमोर खाली बसली, रुमाल मागे सारला आणि कपाळ पुढे केलं.

"एक नको," ती म्हणाली. "तीन मार. तीनदा घेतलंय."